मधुमेही गृहिणी आणि ‘ब’ जीवनसत्त्वें



मधुमेहाचा विषय निघाला कीं आपल्या घरांत बहुधा काय वर्ज्य करावें एवढीच चर्चा होते. साखर सोडली, भात कमी केला, कीं पथ्य पार पडलें असें आपण समजतों. परंतु मधुमेही स्त्रीच्या ताटांत काय असावयास हवें, याचा विचार फारसा होत नाहीं. आज मी त्यांतील एकाच गोष्टीकडे आपलें लक्ष वेधणार आहें. ती म्हणजे ‘ब’ जीवनसत्त्वें, आणि त्यांतही ब-१२.

रक्त तयार होण्यास व मज्जातंतू शाबूत राहण्यास ब-१२ अवश्य असतें. प्रौढ माणसास तें दिवसाकांठीं दोन ते अडीच मायक्रोग्रॅमच लागतें. पण धान्यें, कडधान्यें व भाजीपाला यांतून तें मिळत नाहीं. दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस हींच त्याचीं स्थानें. पेलाभर दुधांतून सुमारें एक मायक्रोग्रॅम मिळतें.

आमच्या बिद्रीच्या परिसरांत उंसाप्रमाणें दुभत्याचाही सुकाळ आहे. तरी पहाटेचें दूध संस्थेंत जातें, उरलेलें मुलांना व चहाला. आणि घरची स्त्री सर्वांमागून जेवते. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रस्स्याची कीर्ति मोठी; परंतु वार, एकादशी व श्रावण पाळणाऱ्या गृहिणीच्या वांट्यास तो कितीसा येतो? शहरांतील सुशिक्षित घरांनींही हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा.

हा केवळ तर्क नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास केला. गरोदर स्त्रियांपैकीं सुमारें दोन तृतीयांश जणींच्या रक्तांत ब-१२ कमी आढळलें. ज्या मातांत ब-१२ कमी पण फॉलिक आम्ल भरपूर होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति अधिक दिसली, असें त्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलें.

मधुमेह जडल्यावर यांत आणखी भर पडते. मेटफॉर्मिन ही गोळी गुणकारी व जगभर रूढ आहे. पण ती वर्षानुवर्षें घेतल्यास आंतड्यांतून ब-१२ चें शोषण कमी होऊं शकतें. मग तळपायांना मुंग्या येतात, बधिरता येते. मधुमेहानेंही नेमकें असेंच होतें. त्यामुळें ‘साखरेचें दुखणें’ म्हणून बाई सोसत राहते, आणि भरून काढतां येण्याजोगी उणीव कायमची हानि करून बसते.

येथें एक सावधगिरी हवी. १९२८ सालीं मुंबईस आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनीं गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो असें दाखविलें. त्याच वाटेनें पुढें फॉलिक आम्लाचा शोध लागला. पालेभाज्यांत तें असतें. परंतु ब-१२ उणें असतां नुसतें फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारतें, आणि मज्जातंतूंचा बिघाड आंतल्या आंत चालूच राहतो.

मग करावें काय? गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. ती दीर्घकाळ चालू असल्यास डॉक्टरांना विचारून रक्तांतील ब-१२ तपासून घ्यावें. उणीव निघाल्यास गोळ्यांनीं वा इंजेक्शनांनीं ती भरून काढतां येते. ताटांत रोज बिनसाखरेचें दूध किंवा दहीं असावें. चालत असेल तेथें अंडें असावें. इतर ‘ब’ जीवनसत्त्वांसाठीं ज्वारीची भाकरी, डाळी व थोडे शेंगदाणे आहेतच.

औषध डॉक्टर देतील. पण दुधाची वांटणी करतांना तिचाही पेला आधीं भरून ठेवणें, हें काम घरच्या माणसांचें आहे.