सात सह्या

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



'कामगार कार्यकर्त्यांवरील हल्ले आणि आपली जबाबदारी' असा भलामोठा विषय मला दिलाय. मी विद्वान नाही. ठेक्यावर झाडलोट करतो आणि झाडलोट करणाऱ्यांतच काम करतो. जे अंगावर आलं तेच बोलतो. कुणाला लागलं तर लागू द्या. सुरुवात मी स्वतःपासूनच करणार आहे.

आमच्या कारखान्यात ठेक्यावरचे आम्ही सत्तर जण. बहुतेक आपल्याच वस्त्यांतले. किमान वेतन कागदावर, हातात त्याहून कमी. पगारातून पी.एफ. कापायचे, पण भरायचे नाहीत. शेवटी युनियन काढायची ठरली. तेव्हा १९२६ चा ट्रेड युनियन कायदा होता. २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीसाठी एकूण कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तो, पण सातांच्या खाली नाही, अशी अट होती. आम्ही सत्तर, म्हणजे सात. सात जणांनी सह्या केल्या. अर्जावर नाव, काम, पत्ता सगळं द्यावं लागतं. आम्ही दिलं.

आठव्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने गेटवर उभं राहून ती सात नावं वाचून दाखवली. अर्जावर होती त्याच क्रमाने. कागद कुठून फुटला ते विचारू नका. 'झाडूवाले आता युनियन काढणार!' असं म्हणून पुढे त्याने जे शब्द वापरले ते तुमच्या आज्या-पणज्यांनी ऐकलेत. मी इथे पुन्हा उच्चारत नाही.

त्यानंतर तीनच दिवस गेले. पहिली सही ज्याची होती तो साथी रात्रपाळीला जायच्या वेळी रेल्वे फाटकाजवळून येत होता. चौघांनी गाठलं. लोखंडी सळईने उजवं मनगट मोडलं. बरोबर उजवंच. सही करायचा हात.

आता माझी गोष्ट. त्या वाटेने आम्ही रोज दोघं जायचो. त्या दिवशी मी पाळी बदलून घेतली होती. शहरात कवितावाचन होतं. कामगाराच्या घामावरची माझी कविता मी वाचली. टाळ्या पडल्या. त्याच वेळी तो कामगार रुळाच्या खडीत पडलेला होता. तेव्हापासून ती कविता मी कुठे वाचत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, 'हा कामगार-मालकाचा वाद, लेबर ऑफिसला जा.' एन.सी. लिहून हातात दिली. लेबर ऑफिसला गेलो. तिथले म्हणाले, 'मारहाण झालीय ना? मग पोलिसांचं काम.' जातीवरून शिव्या दिल्या म्हणून ॲट्रॉसिटी लावा म्हटलं, तर म्हणे, 'भांडण पगाराचं, जात कशाला आणता?' एका ऑफिसात आम्ही नुसते कामगार, दुसऱ्यात नुसते भांडखोर. माणूस कुठल्याच ऑफिसात नाही.

आणि फक्त सरकारी ऑफिसांनाच का शिव्या द्यायच्या? आपल्या वस्तीतली पोरं म्हणाली, 'युनियन म्हणजे लाल झेंड्याचं काम.' लाल झेंड्याच्या एका ऑफिसात गेलो तर तिथला पुढारी म्हणाला, 'हा तुमच्या समाजाचा प्रश्न दिसतो.' मोडलेला हात मात्र एकच होता.

ज्यांना हे लाल-निळं फार सुचतं त्यांनी बाबासाहेबांकडे बघावं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धाग्याला तोंड लावावं लागतं, त्याने विटाळ होतो म्हणून. पगार चांगला त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक टाकला. आणि त्याच बाबासाहेबांनी १९३८ च्या ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कम्युनिस्टांबरोबर संप केला. जाब विचारायचा तिथे विचारला, खांदा लावायचा तिथे लावला. युनियन वाऱ्यावर सोडा, असा धडा त्यातून निघत नाही.

आता थोडा इतिहास. ५ जून १९७०. लालबागमध्ये रात्री कृष्णा देसाईंना भोसकून मारलं. ते तेव्हा निवडून आलेले आमदार होते. २८ सप्टेंबर १९९१. भिलाईत शंकर गुहा नियोगी घरात झोपलेले होते. पहाटेच्या अंधारात खिडकीतून गोळ्या घातल्या. १६ जानेवारी १९९७. पवईत घराजवळच डॉ. दत्ता सामंतांची गाडी अडवली आणि दिवसाढवळ्या गोळ्या झाडल्या. १९८२ साली ज्यांच्या मागे मुंबईचे दोन लाखांवर गिरणी कामगार संपावर गेले, तो हा माणूस. मागे लाखो, पण त्या घडीला आडवं यायला कुणी नाही.

नियोगींना धोका माहीत नव्हता असं नाही. जिवाला धोका आहे हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं होतं. मरणाच्या थोडे दिवस आधी कामगारांना घेऊन ते दिल्लीत राष्ट्रपतींपर्यंत गाऱ्हाणं घालून आले होते. पुढे काय झालं? १९९७ साली खालच्या कोर्टाने उद्योगपतींसह आरोपींना शिक्षा दिली. वर्षभरात हायकोर्टाने सगळे सोडले. २००५ साली सुप्रीम कोर्टाने एकट्या गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. बंदूक चालवणारा आत, बाकी सगळे निर्दोष. सामंतांच्या खटल्यात, कटाचा आरोप असलेला एक टोळीप्रमुख २०२३ साली पुराव्याअभावी सुटला. सव्वीस वर्षांनी! अंत्ययात्रेला आपण हजारोंनी जातो. तारखेला कोर्टात किती जण असतो?

हे जुनं झालं म्हणाल. २०२१ च्या जानेवारीत हरियाणात कुंडलीला नवदीप कौर या दलित मुलीला पकडलं. कारखान्यात काम करणारी, कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी भांडणारी. कोठडीत मारहाण झाली असं तिने सांगितलं. हायकोर्टातून जामीन मिळायला फेब्रुवारीची अखेर उजाडली. तिचा साथी शिवकुमार, तोही दलित. कोर्टाच्या हुकुमावरून सरकारी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्याची हाडं मोडलेली निघाली. त्या मुलीमागे तेव्हा देशभरातून आवाज उठला. म्हणून ती आपल्याला माहीत. जिच्यामागे आवाज नाही तिचं काय?

कायद्यात एक झकास शब्द आहे, 'संरक्षित कामगार'. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो आला. शेकडा एक, कमीत कमी पाच, जास्तीत जास्त शंभर. वाद चालू असताना यांना मालक परवानगीशिवाय काढू शकत नाही. पण हे संरक्षण नोकरीचं. मनगटाचं नाही. आणि तेही नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्याला. सही केल्यापासून नोंदणी होईपर्यंत जे दिवस जातात, ते सगळ्यात धोक्याचे. त्या दिवसांत तुम्ही कुणीच नसता. २०२५ च्या नोव्हेंबरपासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तरी अर्जावर नाव-पत्ता आहेच, आणि फाटकाजवळचा अंधारही आहेच.

म्हणून मी म्हणतो, ते दिवस आपले. ते आपण सांभाळायचे.

सात सह्या कायद्याला पुरत असतील, आपल्याला पुरत नाहीत. सातांवर थांबलात तर सात हात मोडता येतात. सत्तर झाल्या तर पहिलं नाव कुणाचं हे शोधत बसावं लागतं. आम्ही पुढच्या अर्जाला त्रेसष्ट सह्या केल्या. पहिली सही त्याच साथीची, प्लास्टर काढल्यावर डाव्या हाताने केलेली.

धमकी आली की त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहा, दोन साक्षीदार घ्या, अर्जाची पोच घ्या. हाड मोडलं तर कायद्याने ती गंभीर दुखापत, दखलपात्र गुन्हा. तिथे एन.सी. चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफ.आय.आर. नोंदलाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला आज ठाऊक झालं. उद्या ठाण्यात 'साहेब, साहेब' करत हात जोडू नका.

आणि शेवटचं, सगळ्यात सोपं. पाळी सुटताना कार्यकर्ता एकटा चालता कामा नये. आम्हाला बॉडीगार्ड नको. बरोबर चालणारी दोन पोरं हवीत.

कविता लिहा, अंक काढा, माझं काही म्हणणं नाही. पण ही वही मी इथे ठेवतोय. तिच्यात सात वार लिहिलेत आणि पुढे जागा कोरी आहे. टाळ्या नकोत. ज्याला जमेल त्याने आपल्या वारापुढे नाव लिहावं आणि त्या रात्री फाटकावर यावं.

मी मंगळवार लिहिलाय. तो हल्ला मंगळवारीच झाला होता.

जय भीम.