व्यसनमुक्तीत बोलण्याचं काम

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं संक्षिप्त केलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल, पण फार गंभीर करू नकोस." वीस मिनिटांचं नक्की पाळते. गंभीर न करण्याचं मात्र जमेल तेवढंच जमेल, कारण मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे आणि आज आपण सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. दारूचा हिशेब शरीर आणि घर मागायला लागतं ते साधारण याच वयात.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ या वयोगटात शंभरातल्या साधारण पाच जणांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असं त्यात दिसलं. देशाचा आकडा ५.७ कोटी. या सभागृहात आपण दीडशे जण आहोत, म्हणजे हे गणित लावलं तर सात-आठ. त्यांच्या बायका, नवरे, आईवडील, मुलं धरली तर किती होतील ते तुम्हीच मोजा. आणि याच अहवालातली दुसरी गोष्ट: ज्यांना दारूचं पक्कं व्यसन आहे, अशा ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. उरलेले ३७ जण कुठे असतात? ते घरी असतात, ऑफिसात असतात, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात.

मला नेहमी विचारलं जातं, "गोळ्या असतात ना आता? मग नुसतं बोलून काय होतं?" आज मी एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

आधी गोळ्यांचं काम सांगते. अनेक वर्षं रोज पिणारा माणूस एकदम थांबला की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चढल्यासारखं वाटतं. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणून घरात कोंडू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर औषधं देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात आणि आठ-दहा दिवसांत शरीर बरंचसं ताळ्यावर येतं.

मग तो माणूस घरी येतो. घर तेच, कर्ज तेच, भावाशी असलेलं भांडण तेच, आणि संध्याकाळी सात वाजता मोकळा होणारा वेळही तोच. पंधरा-वीस वर्षं त्या वेळेला एकच उत्तर ठाऊक होतं. दुसरं उत्तर शोधायचं काम गोळी करत नाही. ते बोलण्यातून होतं.

पण बोलणं म्हणजे उपदेश नव्हे, हे आधी स्पष्ट करते. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला दारू वाईट हे सांगणारे आजवर पन्नास जण भेटलेले असतात. आईनं सांगितलेलं असतं, सासऱ्यांनी सांगितलेलं असतं, पंढरीच्या वारीत माळ घालताना बुवांनी सांगितलेलं असतं. एकावन्नावी मी कशाला? आम्ही काय करतो, त्याचा एक नमुना सांगते. हा कोणा एकाचा किस्सा नाही, पण असं संभाषण आमच्याकडे रोज होतं.

मी विचारते, "काका, पिणं थांबवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये आकडा सांगा."

"असेल चारेक."

"चार. मग एक का नाही म्हणालात?"

माणूस गोंधळतो. त्याची तयारी "चारच का?" या प्रश्नाची असते. थोड्या वेळानं म्हणतो, "एक कसं म्हणू? मुलगी दहावीला आहे. रात्री मी आलो की ती पुस्तक मिटून आत जाते."

"आत जाते," एवढंच मी म्हणते आणि गप्प बसते.

मी "चारच का, दहा का नाही?" असं विचारलं असतं, तर त्यानं मला दारूच्या बाजूची कारणं दिली असती: कामाचा ताण, मित्रमंडळी, झोप लागत नाही. आणि ती देता देता स्वतःलाच पटवली असती. उलट विचारल्यावर तो सोडण्याच्या बाजूचं कारण स्वतःच्या तोंडानं सांगतो. माणसाला दुसऱ्याचं कारण पटायला वेळ लागतो, स्वतःचं कारण खोडून काढायला मात्र जड जातं.

या पद्धतीची मांडणी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये केली. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर त्यांनी ती वाढवली, आणि आज ती जगभर शिकवली जाते. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशकानं सत्रात जितकं जास्त वाद घालून, चूक दाखवून सुनावलं होतं, तितका तो माणूस वर्षभरानंतर जास्त पीत असल्याचं त्यात आढळलं. खडसावल्याशिवाय सुधारत नाही, हे आपल्याकडचं ठाम मत आहे. शाळेत आपल्यावर त्याचा प्रयोगही भरपूर झाला. (सर हसताहेत.) पण व्यसनाच्या बाबतीत तरी पुरावा उलटा आहे.

बोलण्याचा दुसरा भाग म्हणजे साखळी उलगडणं. "काल कसा काय घोट घेतला कळलंच नाही," असं माणूस सांगतो. आम्ही म्हणतो, चला, काल दुपारी चारपासून सुरू करू. चारला साहेब बोलले. पाचला जेवण राहिल्याचं लक्षात आलं. सहाला बायकोचा फोन आला, त्यावरून वाद झाला. साडेसहाला नेहमीचा रस्ता सोडून तो बारवरून जाणाऱ्या रस्त्यानं निघाला. घोट सात वाजता घेतला, पण निर्णय साडेसहाला वळताना झाला होता. हे एकदा कागदावर दिसलं की पुढच्या वेळी अडवायची जागा सापडते. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चार गोष्टी आम्ही तोंडपाठ करून घेतो. बहुतेक साखळ्यांमध्ये यातली एखादी सापडतेच. तलफ ही लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते, हेही माणसाला सांगावं लागतं. तो समजत असतो की आता प्यायलो नाही तर ती वाढतच जाईल. अर्धा तास कुणाशी बोलत काढला, तर ती बहुतेक वेळा उतरलेली असते.

आणि पुन्हा घोट घेतला गेला तर? घरच्यांना वाटतं, सगळं पाण्यात गेलं. माणसालाही तसंच वाटतं, आणि त्या निराशेतच तो एका घोटावरून महिनाभराच्या पिण्यावर जातो. अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी याचाच अभ्यास केला. एक घसरण आणि संपूर्ण कोसळणं यांच्या मध्ये जागा असते, आणि त्या जागेत माणसानं लाजेनं लपून बसण्याऐवजी दुसऱ्या दिवशी येऊन बोलावं लागतं. म्हणून आमच्याकडे "पुन्हा प्यायलो" म्हणत आलेल्या माणसाला आम्ही पहिलं वाक्य म्हणतो, "आलात ते बरं केलंत."

तिसरा भाग गटाचा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात बिल विल्सन हा दारू सोडलेला माणूस तलफ असह्य झाल्यावर बोलायला दुसरा दारुडा शोधत होता. त्याला डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. तिची सभा म्हणजे खुर्च्या, चहा आणि आळीपाळीनं बोलणं. फी नाही, आडनाव नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिथेही गट, समुपदेशन, आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्यांना आधार देणं हे उपचारांच्या केंद्रस्थानी राहिलं.

आता तुम्ही विचाराल, बोलण्याचा उपयोग होतो, हे मोजलंय का? मोजलंय, आणि आपल्या शेजारी गोव्यात मोजलंय. तिथल्या 'संगाथ' संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. घातक प्रमाणात पिणारे, पण अजून पक्कं व्यसन न लागलेले पुरुष त्यांनी निवडले. त्यांच्याशी बोलणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होतं. वर्षानंतर पाहिलं तेव्हा अंतर आणखी वाढलं होतं, ५४ विरुद्ध ३२. हा चमत्कार नाही. बोलूनही शंभरातल्या शेहेचाळीस जणांना पुरेसा फरक पडला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. पण चार बैठकांच्या खर्चात एवढं मिळत असेल तर ते कमी नाही.

मर्यादाही सांगते. ब्राऊन शुगरसारख्या व्यसनात नुसत्या बोलण्यावर विसंबणं धोक्याचं असतं, तिथे औषधं दीर्घकाळ लागतात. दारूतही तलफ कमी करणारी औषधं आहेत, ती डॉक्टर देतील तर जरूर घ्यावीत. मात्र "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. डायसल्फिरामसारखं औषध आमटीत गुपचूप मिसळलं आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. शिवाय घरच्या ताटावरचा त्याचा विश्वास उडतो, तो वेगळाच.

"पण तो केंद्रात यायलाच तयार नाही," ही सर्वांत मोठी तक्रार. ती करणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्यांना मी सांगते, तो येत नसेल तर तुम्ही या. घरच्यांना बोलायची रीत शिकवण्याचा एक कार्यक्रम अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केला. १९९९ मधल्या अभ्यासात, उपचार साफ नाकारणाऱ्यांपैकी ६४ टक्के जण घरच्यांच्या या प्रशिक्षणामुळे उपचारांना आले. सगळ्यांनी मिळून घेराव घालून समज देण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं. शिकवतात ते साधं असतं. प्यायलेला असताना विषय काढायचा नाही. सकाळी, शुद्धीत असताना, एकच गोष्ट बोलायची. न पिता घरी आला त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून जेवायचं. पिऊन झालेला घोटाळा मात्र आपण निस्तरायचा नाही, ऑफिसला "ताप आहे" म्हणून खोटा फोन करायचा नाही. आणि मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. उपचारांचा विचार त्यानंतर.

आता थोडं आपल्याबद्दल. आज संध्याकाळचा कार्यक्रम मला माहीत आहे, गच्चीची व्यवस्था कुणाकडे आहे तेही माहीत आहे. माझी कोणालाच बंदी नाही. फक्त कोणी कोकम सरबताचा ग्लास घेऊन उभा असेल, तर "अरे, तीस वर्षांनी भेटतोय, एक घे की" असं म्हणू नका. कदाचित तो आठ महिने रोज एकेक दिवस मोजत इथवर आला असेल. 'नको' म्हणायला त्याला किती बळ लागतं, हे त्यानं आपल्याला सांगितलेलं नसतं. त्याला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावू नका.

आणि आपल्यातला एखादा हल्ली फार पितोय असं दिसलं, तर ग्रुपवर विनोद टाकू नका. त्याला एकट्याला, दिवसा फोन करा. "तू फार पितोस" याऐवजी "कसं चाललंय तुझं, खरं सांग" असं विचारा आणि मग त्याला बोलू द्या. मध्ये उपाय सुचवू नका. शेवटी विचारा, "कुणाला तरी दाखवू या का? मी येतो बरोबर." बऱ्याच जणांचं पाऊल केंद्राच्या पायरीपाशी अडतं, आणि बरोबर कोणी असलं की ते पुढे पडतं.

दोन नंबर मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. १४४१६ हे 'टेलि-मानस', मानसिक आरोग्यासाठी. दोन्ही मोफत आहेत, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

मी स्वतः चहापानानंतर मागच्या वर्गात बसणार आहे. आपल्या आठवीच्या 'ब' तुकडीचा वर्ग. कोणाला स्वतःसाठी किंवा घरच्या कोणासाठी बोलायचं असेल तर यावं. बोललेलं त्या खोलीबाहेर जाणार नाही.