न दुखणारी जखम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जखम झाली की ती दुखणारच, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु मधुमेही व्यक्तीच्या तळपायाची जखम पुष्कळदा दुखत नाही आणि हाच तिचा सर्वांत मोठा धोका आहे. खडा टोचतो, चपलेचा पट्टा घासतो, तापलेल्या फरशीने फोड येतो. पण त्याची जाणीवच होत नाही. रुग्ण त्याच पायावर चालत राहतो. पायमोजा ओला दिसतो किंवा दुर्गंधी येते, तेव्हा कोठे घरातल्यांचे लक्ष जाते.

भारतीय वैद्यकास या विकाराची ओळख प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत मधुमेहाबरोबरच प्रमेहपिडकांचे, म्हणजे प्रमेहाच्या रुग्णास होणाऱ्या गळवांचे, वर्णन आढळते आणि व्रणावरील साठ उपक्रमही सांगितलेले आहेत. आधुनिक काळात जोसेफ लिस्टर यांनी 1865 साली ग्लासगो येथे कार्बोलिक आम्लाचा वापर करून जखमा जंतूंपासून राखता येतात हे दाखविले. 1921 साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन गवसले. तरीही पाय कापण्याची वेळ रुग्णांवर येतच राहिली. असे का होते, याचे उत्तर शोधण्यास मोलाची मदत झाली ती कुष्ठरोगाच्या अभ्यासाची.

डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 साली वेल्लोर येथे रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे आणि पाय रोगानेच झडतात, असा त्या काळी समज होता. रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केल्यावर डॉ. ब्रँड यांना आढळले, की रोग मज्जातंतू बधिर करतो आणि पुढची हानी बहुतांशी न जाणवलेल्या इजांमुळे होते. वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. पहारा उठला की साधी इजाही घातक ठरते. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या बधिर पायांसाठी वापरले.

मधुमेहात तीन गोष्टी एकत्र येतात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतू बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंशी लढण्याची शक्ती उणावते. प्रतिजैविक औषध जखमेपर्यंत पोहोचते ते रक्तावाटे. रक्तच पुरेसे पोहोचत नसेल, तर उत्तम औषधही निष्प्रभ ठरते.

म्हणून उपचार एकाच औषधावर अवलंबून राहत नाहीत. प्रथम शल्यचिकित्सक जखमेतील मृत भाग व कडेचा घट्टा काढून टाकतात आणि पू साचला असल्यास त्यास वाट करून देतात. हे काम लांबले, तर संसर्ग खोल हाडापर्यंत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे जखमेवरील भार काढणे. पायाला चपखल बसणारे विशेष प्लास्टर किंवा बूट वापरल्याने शरीराचे वजन इतरत्र विभागले जाते. रोज पट्टी बदलूनही जी जखम महिनोन्‌महिने भरत नाही, ती भार काढल्यावर काही आठवड्यांत भरून आल्याचे पाहावयास मिळते. तिसरी गोष्ट रक्तप्रवाहाची. पावलावरील नाडी लागत नसेल, तर तपासणी करून फुग्याच्या साहाय्याने वाहिनी रुंद करता येते किंवा बायपास शस्त्रक्रिया करता येते. अवयवच्छेदाचा निर्णय घेण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे काय, हे कुटुंबीयांनी अवश्य विचारावे.

प्रतिजैविकांचे स्थान यानंतरचे आहे. लाली, सूज, ऊब, पू ही संसर्गाची लक्षणे असतील तरच ती द्यावयाची असतात. मऊ भागातील संसर्गास बहुधा एक ते दोन आठवडे पुरतात. हाडातील संसर्गास, शस्त्रक्रियेने ते हाड काढलेले नसेल तर, सहा आठवड्यांपर्यंत औषध लागते. दुकानातून परस्पर गोळ्या आणून दोन दिवसांत त्या सोडून दिल्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात. हळद, चुना, तंबाखूची पूड जखमेत भरणे, गरम पाण्यात पाय बुडवून बसणे, ब्लेडने कुरूप कापणे हे घरगुती उपाय बधिर पायास हमखास अपाय करतात.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहयोगाने केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. अशा रुग्णांपैकी साधारण पाचातील एकास ते तिघांतील एकास आयुष्यात केव्हातरी पायाची जखम होते आणि भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्के आहे. म्हणजे जखम भरली की काळजी संपली, असे मुळीच नाही.

समाजापुरते दोन विषय विशेष महत्त्वाचे आहेत. मंदिरात आणि तीर्थक्षेत्रांच्या पायऱ्यांवर श्रावक अनवाणी चालतात. पाय बधिर असलेल्यांनी दगड तापण्यापूर्वी, पहाटेच दर्शन घ्यावे, शक्य तेथे स्वच्छ सुती मोजे वापरावेत आणि परतल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा घरातील व्यक्तीस पाहण्यास सांगावे. दुसरा विषय उपवासाचा. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना निराहार राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरण्याचा संभव असतो. पर्वापूर्वीच वैद्यकीय सल्ला घेऊन औषधांची मात्रा ठरवावी, किंवा प्रकृतीस झेपेल असे व्रत स्वीकारावे.

जयपूर येथे 1975 साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने असंख्य गरजूंना कृत्रिम पाय दिले. हे कार्य वंदनीयच आहे. मात्र जो पाय वाचविता येतो, तो वाचविणे ही त्याहून आधीची सेवा होय. ट्रस्टने वर्षातून एकदा पायांची तपासणी ठेवावी. तळव्यावर बारीक नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पाहण्याची चाचणी अवघ्या काही मिनिटांची असते.

साधुजन ईर्यासमितीचे पालन करताना पुढची भूमी निरखून पाऊल टाकतात, की सूक्ष्म जीवासही इजा होऊ नये. मधुमेही श्रावकाने तीच दृष्टी रोज रात्री, झोपण्यापूर्वी, स्वतःच्या तळव्यांकडे वळवावी. लालसर डाग, भेग किंवा फोड दिसला, तर दुसऱ्या दिवशीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. तो दुखण्याची वाट पाहू नये.