आधी कोणता प्रश्न?

श्रोतेहो, आज कवितेवर बोलणार नाही, गणितावर बोलणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, जेवढं समजलं तेवढंच सांगतो.

पोळी लाटताना पाहा. लाटणं फक्त मागे-पुढे फिरवलं, तर त्या दिशेनं काढलेली रेघ लांबते, पण वळत नाही. आडवी रेघ होती तेवढीच राहते. तिरकी मात्र लांबते आणि वळतेही. म्हणजे लाटण्याचा सगळा स्वभाव दोन दिशा आणि दोन आकड्यांत मावला : इकडे दुप्पट, तिकडे एकपट. हे आकडे म्हणजे त्या क्रियेचा वर्णपट. हा शब्द जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वापरला, तेव्हा अणूंचा प्रकाश त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. १९२५-२६मध्ये पुंजसिद्धांत उभा राहिला आणि अणूच्या प्रकाशातल्या रेषांचा हिशेब नेमका याच गणितातून लागला. शब्द आधी आला, अर्थ मागून. कवींना याचं नवल वाटू नये.

पण अवकाशाला अनंत मिती असल्या, की काही क्रियांना न वळणारी एकही दिशा सापडत नाही. बुडापेस्टला १९०३मध्ये जन्मलेले जॉन फॉन नॉयमन अशा वेळी सावल्यांकडे वळले. सावलीची पुन्हा सावली पाडली तरी ती तीच राहते. अशी प्रत्येक सावली म्हणजे एक प्रश्न : 'माप या आकड्याच्या आत आहे का?' उत्तर हो किंवा नाही. १९३२च्या ग्रंथात त्यांनी पुंजसिद्धांत असा मांडला. त्यात एक गोम आहे. दोन सावल्या एकमेकींना तिरक्या असतील, तर आधी कोणती पाडली यावर शेवट बदलतो.

१९३६मध्ये फ्रान्सिस मरे यांच्यासोबत त्यांनी क्रियांची अख्खी कुटुंबंच अभ्यासाला घेतली. दोन सावल्या सारख्या कधी म्हणायच्या? कुटुंबातलीच एखादी क्रिया एकीला, लांबी न बदलता, दुसरीवर नेऊन बसवत असेल तर. तराजू बाहेरून आणायचा नाही. या मोजणीत काही कुटुंबांत एक, दोन, तीन अशा मिती निघाल्या. काहींत अर्धी, पाव, हवी तेवढी बारीक. तिथं सर्वांत लहान तुकडा असा नाहीच. आणि एका प्रकारात शून्य सोडून प्रत्येक तुकडा अख्ख्याएवढाच निघाला!

कार्यक्रम संपल्यावर मला अनेकदा विचारलं जातं, "तुम्ही आधी मुसलमान की आधी मराठी?" विचारणारा बहुधा आपुलकीनंच विचारतो. माणूस म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे, गणितानं त्याचा निवाडा होत नाही, हे मला कळतं. तरी या गणितानं मला धीर दिला. उत्तर दर वेळी खिशात तयार नसतं. प्रश्न कोणत्या क्रमानं आले, यावरही ते ठरतं. आमच्या घरात आई रागावायची दखनीत आणि जात्यावर गायची मराठीत. त्यातली अर्धी आई कोणती, हे मला कधी मोजावं लागलं नाही. दोन्हीकडे ती अख्खीच होती.