‘बालमित्रांनो’ म्हणजे कोण?

(मारेगाव इथं युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सकाळपासून तुमचं भांडण मी मागं बसून ऐकून राहिलो. पोट्टे म्हणतात, यंदा जयंतीच्या रात्री स्टेजवर जुन्या दूरदर्शनच्या मुलांच्या कार्यक्रमाची टर उडवायची. तीच ताई, त्याच बाहुल्या, तेच गोड गाणं. फक्त समोर बसलेले मोठे आणि गोष्टही मोठ्यांची. जाणती माणसं म्हणतात, हे थेर कशाला? प्रबोधन करा. मी निकाल द्यायला उभा नाही. माझी बाजू तेवढी सांगतो.

टीव्ही आमच्या घरी नव्हता. शेजारच्या वस्तीत एका घरी होता. आम्ही सात-आठ पोट्टे त्या घराच्या खिडकीचे गज धरून उभे राहायचो. १९८५ साली ‘विक्रम और बेताल’ लागायचं. खिडकीचं एक फळकुट कायम लावलेलं, त्यामुळं आम्हाला अर्धाच पडदा दिसायचा. राजा कधी दिसायचा, कधी नुसतं त्याच्या खांद्यावरचं भूत. पाऊस आला की आतली बाई खिडकी लावून घ्यायची. गोष्ट तिथंच मरायची. कधी मराठी कार्यक्रम लागला की एक ताई मधाळ आवाजात म्हणायची, ‘बालमित्रांनो!’ मी मागं वळून पाहायचो. कोणाला म्हणून राहिली बाप्पा ही?

त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तुमच्या खेळाचा विषय तोच आहे असं मला वाटतं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम त्याच केंद्राचा. आणि त्याच १९७२ साली, त्याच मुंबईत, दलित पँथर रस्त्यावर आली. एकाच शहरात दोन आवाज. एक म्हणत होता, मुलांनो गप्प बसा, गोष्ट ऐका. दुसरा म्हणत होता, आता आमची ऐका. पुढं १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली, शाळेतल्या पोरांसाठी. २०१७ मध्ये तिला टाळं लागलं. आता लोक त्या सगळ्याच्या आठवणी काढून गहिवरतात. काय ते दिवस, काय ती निरागसता! अरे, निरागसता ज्याच्या घरात सेट होता त्याची. आमच्या हातात गज होते.

म्हणून म्हणतो, टर उडवायची तर आधी ठरवा, कोणाची.

जगात हे झालेलं आहे. अमेरिकेत १९८१ साली पॉल रूबेन्स नावाच्या नटानं ‘द पी-वी हर्मन शो’ स्टेजवर आणला. टायला बो बांधलेला, पोरासारखा चिरक्या आवाजात बोलणारा माणूस. १९५० च्या दशकातल्या बालकार्यक्रमांची, ‘हाउडी डूडी’सारख्यांची, मोठ्यांसाठी केलेली ती नक्कल. लोक पोट धरून हसले. पण ते हसू मुख्यतः आठवणीचं. ज्यांनी लहानपणी समोर बसून ते पाहिलं, त्यांचं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९६९ साली तिकडं ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं. पडद्यावर हार्लेमसारखी गल्ली, दारापुढच्या पायऱ्या, काळा मास्तर, काळी बाई, आणि गोरी-काळी लेकरं एकत्र. गरीब वस्तीतल्या पोरांना अक्षरं-आकडे शिकवावे हा हेतू. १९७० च्या मे महिन्यात मिसिसिपीच्या सरकारी टीव्ही मंडळानं तो कार्यक्रम दाखवायला नकार दिला. कारण काय? काळे-गोरे एकत्र दिसतात! बाहुल्यांचा कार्यक्रम, अन् राज्याला धसका! बोंब झाली तेव्हा काही आठवड्यांत नकार मागं घ्यावा लागला. तेव्हा जाणत्यांनो, बालकार्यक्रम म्हणजे पोरखेळ असं समजू नका. कोण कोणाच्या शेजारी बसतं, हे सत्ता तिथंही मोजते.

त्याच ‘सेसमी स्ट्रीट’चं विडंबन २००३ साली ब्रॉडवेवर आलं. नाव ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’. बाहुल्या तशाच, पण मोठ्या झालेल्या. प्रिन्स्टन नावाचा बाहुला इंग्रजी घेऊन बी.ए. झालाय आणि आता या कागदाचं करू काय, म्हणून फिरतोय. हसता काय? मारेगावात असे प्रिन्स्टन किती, मोजा. इथं पानठेल्यावर उभे आहेत, वणीच्या खाणीत कंत्राटी लागलेत, कापूस वेचायला जातात. त्याच नाटकात गॅरी कोलमनचं पात्र आहे. हा टीव्हीवरचा खराखुरा बालनट, काळा पोरगा, ज्याला सगळ्या अमेरिकेनं डोक्यावर घेतलं. नाटकात तो त्या पडक्या इमारतीची देखभाल करताना दिसतो. लहानपणी टीव्हीनं सांगितलं होतं, तू खास आहेस. मोठेपणी जगानं सांगितलं, नळ दुरुस्त कर. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ते हसू आहे. या नाटकाला २००४ चा टोनी मिळाला.

आपल्या मराठीतही बाहुला मोठा झालाय. रामदास पाध्ये हे शब्दभ्रमकार. त्यांच्या वडिलांनी घडवलेला अर्धवटराव घरोघरी ठाऊक. त्याच पाध्यांनी १९९३ च्या ‘झपाटलेला’साठी तात्या विंचू घडवला. लेकराच्या बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरला. आपण घाबरलो आणि हसलो. पण तो बाहुला कोणाच्या वस्तीत राहतो, कोणाच्या खिडकीबाहेर उभा आहे, हे अजून कोणी विचारलं नाही. ते तुम्ही विचारा.

आता प्रबोधनवाल्यांना एक शब्द. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. जोशी पोटातल्या लेकराच्या नावानं कुणब्याच्या बायकोला भीती घालतो, लुटतो. आणि त्या नाटकात सत्य कोण बोलतो? विदूषक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. पुढं आंबेडकरी जलशानं तमाशाची चौकट घेतली, गणातला गणपती बाहेर काढला आणि त्याच फळीवर पाण्याचा सवाल उभा केला. चौकट त्यांची, सवाल आपला. हसवणं ही आपली जुनी लढाई आहे.

पण पोट्टेहो, तुम्हालाही सांगतो. मोठ्यांसाठी म्हणजे नुसत्या शिव्या आणि बाईच्या अंगावरचे विनोद, असं असेल तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन. वऱ्हाडी बोलणारा म्हणजे येडा, काळा म्हणजे भूत, कोलाम म्हणजे जंगली, हे विनोद त्यांनी आपल्यावर आयुष्यभर केले. तेच आपण आपल्याच स्टेजवर केले तर टर कोणाची उडली? खाली बसलेली आपली माय हसणार नाही. ती मान खाली घालेल.

माझी एक सूचना. स्टेजवर टीव्ही ठेवा, ताई बसवा, बाहुल्या नाचवा. पण बाजूला एक खिडकी उभी करा, गजांची. तिच्यामागं दोन-चार पोट्टे. ताई म्हणाली ‘बालमित्रांनो’ की खिडकीतून आवाज आला पाहिजे, ‘कोणाला म्हणून राहिली बे?’ ताईला उत्तर देता येऊ नये. बाहुलीनं तिच्याकडं पाहावं. मग बाहुलीनं उठून खिडकीचं ते बंद फळकुट उघडावं. पुढं काय व्हायचं ते तुम्ही लिहा.

त्या रात्री पाऊस आला तरी खेळ थांबवू नका.

जय भीम.