चंद्रावरचं पाणी आणि नळाचा वायसर

(शिरूर व दौंड तालुक्यांतील महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात समारोपाच्या वेळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. त्याच दिवशी सकाळी नळ व हातपंप दुरुस्तीचे प्रात्यक्षिक झाले होते.)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपण हात काळे करून बसलोय. माझ्या नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही, तुमचंही नसेल. समारोपाचं भाषण कर असं मला सांगितलंय. पण मघाशी चहाच्या वेळी तुमच्यात जो वाद झाला, त्यावरच बोलावं असं वाटतंय.

माळावरच्या वस्तीतल्या एक मावशी म्हणाल्या, "सरकारला चंद्रावरचं पाणी सापडतं, आमच्या वस्तीवरचा बंद नळ काही सापडत नाही." सगळ्या हसल्या. त्यावर एक ताई चिडून म्हणाली, "असं बोलू नका मावशी. माझ्या पोरीला तेच शिकायचंय." मग दोन गट पडले आणि चहा गार झाला. मला दोघींचंही पटलं. म्हणून हा प्रश्न जरा उलगडून पाहू.

आधी चंद्रावरचं पाणी म्हणजे काय ते समजून घेऊ. १९६९ ते १९७२ या काळात माणसं चंद्रावर जाऊन आली, दगडमाती घेऊन आली. ती तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं, चंद्र कोरडा ठणठणीत आहे. पुढची बरीच वर्षं सगळ्यांनी तेच मानलं. २२ ऑक्टोबर २००८ रोजी आपलं चांद्रयान-१ निघालं. त्यावर अमेरिकेच्या नासा संस्थेचंही एक उपकरण होतं. त्या उपकरणाच्या नोंदींवरून सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झालं की चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश आहे. लगेच पुढच्या महिन्यात अमेरिकेने एक यान दक्षिण ध्रुवाजवळच्या विवरात मुद्दाम आदळवलं. जी धूळ उडाली तिच्यात बर्फ सापडला. तिथल्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, म्हणून तो टिकून राहिला.

पण हे पाणी किती? २०२० साली चंद्राच्या उजेडाच्या भागातलं माप आलं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल एवढी माती उकरली, तर तिच्यात सुमारे ३५० मिलिलिटर पाणी. म्हणजे अर्धा तांब्यासुद्धा नाही. ओढा नाही, विहीर नाही, मातीला चिकटलेला अंश नुसता.

मग एवढ्याशा पाण्यासाठी ही धडपड कशाला? तिथे माणसं राहायची तर त्यांना प्यायला पाणी लागणार. पाण्यातून श्वासाचा प्राणवायू काढता येतो, यानाचं इंधनही करता येतं. आणि पृथ्वीवरून एकेक लिटर वर न्यायचं तर खर्च अफाट. शास्त्रज्ञांना हे आकडे मांडून सिद्ध करावं लागतं. डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालणारीला ते समजावून सांगायची गरज नाही. पाणी जड असतं आणि लांबून आणलेलं पाणी महाग पडतं, हे आपल्या मानेला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसं राहतात. तिथे लघवी, घाम, श्वासातली वाफ सगळं गोळा करून शुद्ध करतात आणि पुन्हा पितात. २०२३ साली नासाने सांगितलं की अशा रीतीने ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं. जगभर कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, अंघोळीचं पाणी परसातल्या अळूला, धुण्याचं शेवटचं पाणी अंगण सारवायला, हा हिशेब आपल्या आज्या टंचाईच्या दिवसांत रोज करत होत्या. त्याला विज्ञान कुणी म्हटलं नाही. बाईची काटकसर म्हटलं आणि विसरून गेले.

आता मावशींच्या बाजूने बोलते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं. आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती यांना बोलताना पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोच ऑगस्ट, नोंदी ठेवायला लागल्यापासून देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आणि ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर होता आणि दौंडही होता. घोड आणि भीमा ज्यांच्या अंगणातून वाहतात ते आपले तालुके! खडकवासल्याचा कालवा दौंडमधून जातो, कालव्याकाठी ऊस उभा राहतो. आणि तिकडे पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या बाजूला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची.

तर मग चंद्रावरचा खर्च फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी लागले असं सांगतात. ते वाचवले असते तर माळावरचा नळ सुरू झाला असता का? तो नळ कशाने बंद आहे ते आज सकाळी आपण खोलून पाहिलं. आतला रबरी वायसर झिजलेला. दुकानात तो काही रुपयांना मिळतो. अडलं होतं ते पैशावाचून नव्हे. दुरुस्त करणारा माणूस येत नव्हता आणि आपल्या हातात पाना नव्हता.

माझाच अनुभव सांगते. आमच्या वस्तीवरचा हातपंप एका उन्हाळ्यात बंद पडला. अर्ज दिला, पुन्हा दिला. पाच आठवड्यांनी माणूस आला. त्याने तासाभरात आतले वायसर बदलले आणि पंप सुरू झाला. मी शेजारी उभी राहून पाहत होते. म्हटलं, "भाऊ, पाना जरा माझ्या हातात द्या की, शिकते." तो म्हणाला, "बाई, हे तुमचं काम न्हाई." पाच आठवडे लांबून पाणी आणणं माझं काम होतं, आणि एक तासाची दुरुस्ती माझं काम नव्हतं! त्या दिवशी मी ठरवलं, पाना धरायचा.

हातपंपाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे, कारण तो आपल्याच राज्यात घडलाय. पूर्वी जे ओतीव लोखंडाचे पंप यायचे त्यांचा घाट एका घरापुरता होता. आपल्याकडे शेकडो माणसं दिवसभर तो दांडा हापसायची, पंप सतत मोडायचे. जालन्याच्या मिशनमध्ये काम करणाऱ्यांनी त्यात सुधारणा केल्या, मग सोलापूरला आणखी मजबूत पंप तयार झाला. त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क-२' आला, तोच आपल्या गावोगाव आहे. पंप दणकट, पण खालचा वायसर बदलायचा तर सगळे जड पाइप वर ओढावे लागतात. त्याला गाडी हवी, चार माणसं हवीत. म्हणजे तालुक्याची वाट पाहणं आलं. पुढे 'मार्क-३' निघाला. त्याचा पाइप रुंद, म्हणून पाइप न उपसता आतला दट्ट्या तेवढा वर घेता येतो. ही दुरुस्ती गावातच करता येते. तेव्हा यंत्र कुणाला दुरुस्त करता येईल हे यंत्र घडवणाराच आधी ठरवत असतो. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्याच्या कामातून खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्तीचं काम शिकल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या.

एवढं लांब जायलाही नको. आपल्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली रीत. कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही विभाग मुलामुली दोघांनी शिकायचे. मुलीने वेल्डिंग करायचं आणि मुलाने स्वयंपाक. जमिनीखालचं पाणी शोधायचं यंत्रही तिथे तयार झालं. तेव्हा ताई, तुमच्या मुलीला अंतराळात जायचंय ना? तिला आधी घरचा नळ खोलू द्या.

आता सकाळचं सगळं पुन्हा एकदा सांगते, घरी गेल्यावर आठवावं म्हणून.

आधी मागचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर पाण्याची वेळ टळल्यावर काम काढा. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. पान्याने नळाचं डोकं डावीकडे फिरवून सोडवा. खाली फडकं धरा, म्हणजे पितळेला ओरखडे जात नाहीत. आतला दांडा बाहेर काढा, त्याच्या टोकाला वायसर असतो. जुना वायसर दुकानात सोबत न्या, त्याच मापाचा घ्या. तो बसतो ती जागा बोटाने चाचपा. तिथे खाच पडली असेल तर नवा वायसरही टिकणार नाही, मग नळच बदला. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळताना नळ ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने गुंडाळा. नळ आधी हाताने फिरवा. अडला तर आटा चुकलाय, जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा.

गळतीचं माप घ्यायचं तर गळक्या नळाखाली लिटरचा तांब्या ठेवा. तासाभरात भरला, तर दिवसाला चोवीस लिटर गेलं. हंडाभराहून जास्त!

आणि जिथे हात घालायचा नाही तेही लक्षात ठेवा. मोटरचा स्टार्टर उघडायचा नाही, ते वायरमनचं काम. मेन स्विच बंद केल्याशिवाय मोटरजवळ जायचं नाही. बंद टाकीत किंवा पडीक विहिरीत उतरायचं नाही. तिथल्या हवेने माणूस बेशुद्ध पडतो.

आता शेवटचा मुद्दा. चंद्रावरचं पाणी कुणाचं? १९६७ च्या करारानुसार चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही. १९७९ च्या करारात तर ती साऱ्या मानवजातीची ठेव आहे असं म्हटलं. भारताने त्यावर सही केली, पण तो मंजूर करून लागू केलेला नाही. उलट २०१५ साली अमेरिकेने कायदा केला की त्यांच्या कंपन्या अवकाशातून जे काढतील ते त्यांचं. म्हणजे ज्याच्याकडे यंत्र, त्याचं पाणी.

हे ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे १८८२ च्या कायद्यापासून जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, असंच धरून चाललंय. २००९ च्या भूजल कायद्याने बंधनं आणली, पण ज्याची बोअर खोल त्याचं पाणी, हे अजून सुटलेलं नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचा त्यात वाटा कोणता? दौंडच्या शेजारी पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. हे माणसांनी ठरवून करून दाखवलं. मग चंद्रासाठी जो न्याय मागायचा, तो आधी आपल्या गावात मागू या.

एका धोक्याचं बोलून थांबते. बायका दुरुस्ती शिकल्या की पंचायत म्हणेल, छान झालं, आता तुम्हीच करा. म्हणजे फुकटचं आणखी एक काम आपल्या डोक्यावर. हे चालायचं नाही. घरचा नळ आपला, तो आपण करू. घरातल्या पुरुषांनाही शिकवू. सार्वजनिक पंपाचं आणि नळाचं काम करणाऱ्या बाईला मात्र पंचायतीने मजुरी दिली पाहिजे, पुरुषाला मिळते तेवढीच.

तर जाण्याआधी तीन गोष्टी ठरवू. एक, प्रत्येक गटाने बचतीतून दोन पाने, टेप आणि दोन मापांचे वायसर घ्यायचे आणि ते आळीपाळीने सांभाळायचे. दोन, पंप कधी बंद पडला, तक्रार कधी दिली, दुरुस्त कधी झाला, या तीन तारखा भिंतीवर लिहायच्या आणि महिला ग्रामसभेत वाचून दाखवायच्या. तीन, पुढच्या प्रशिक्षणाला प्रत्येक गावातून दोघी यायच्या, त्यातली एक गावकुसाबाहेरच्या वस्तीतली असलीच पाहिजे. पंपावर जिची पाळी शेवटी येते, तिच्या हातात पाना आधी गेला पाहिजे.

मावशी, उद्या सकाळी आम्ही चौघी तुमच्या वस्तीवर येतोय. वायसर घेऊन येतो, पाना तुम्ही धरायचा.