राखणदार कोणी नेमायचा?



जोंधळा हुरड्यात आला की आपण माळ्यावर राखणदार बसवतो. तो काय पाखरांना विचारून बसवतो? सरकारच्या शेतात मात्र पाखरंच राखणदार ठरवतात.

दिल्लीत केंद्रीय दक्षता आयोग आहे. केंद्राचे अधिकारी, सरकारी बँका, महामंडळं यांच्या लाचलुचपतीवर नजर ठेवणं हे त्याचं काम. आपला कापूस घेणारी सी.सी.आय. त्यात आली, पीककर्ज देणारी सरकारी बँकही आली. १९९७ साली विनीत नारायण खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा राखणदार सरकारच्या एकट्याच्या मर्जीचा नको. मग २००३ चा कायदा झाला. पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतला विरोधी पक्षनेता, तिघांनी बसून नाव सुचवायचं. ऐकायला छान. पण तिघांत दोन सरकारचेच!

सप्टेंबर २०१० मध्ये या तिघांपुढे पी. जे. थॉमस यांचं नाव आलं. १९९१-९२ साली केरळ सरकारने परदेशातून पामतेल आणलं, तेव्हा ते तिथे अन्न खात्याचे सचिव होते. तेल जादा भावाने घेतलं, सरकारचे २ कोटी ३२ लाख बुडाले, असा खटला होता आणि आरोपींत थॉमस यांचंही नाव होतं. हे पामतेल आपल्याला अनोळखी नाही. ते बंदरात स्वस्तात उतरलं की सरकीच्या तेलाचा भाव पडतो, सरकी पडली की जिनवाला कापसाला हात आखडता घेतो. ते असो.

विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी हरकत घेतली. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि गृहमंत्री चिदंबरम यांनी दोन विरुद्ध एक करून नाव पुढे रेटलं. थॉमस खुर्चीवर बसले.

प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा खरी मौज बाहेर आली. थॉमस यांच्यावर कारवाई करावी, असं केंद्राच्या कार्मिक खात्यानेच २००० ते २००४ या काळात फायलीवर लिहून ठेवलं होतं. ती टिपणं निवड समितीपुढे ठेवलीच नव्हती. सरकार म्हणालं, २००८ साली आयोगानेच त्यांना दाखला दिला होता. कोर्टाने ते मानलं नाही. ३ मार्च २०११ रोजी सरन्यायाधीश कपाडिया यांच्या खंडपीठाने नेमणूक रद्द केली.

थॉमस दोषी आहेत असं कोर्ट म्हणालं नाही, हे नीट ध्यानात घ्या. खटला वेगळा होता, तो चालू होता. कोर्टाने पाहिलं ते खुर्चीकडे. ज्याच्यावर स्वतःचाच खटला बाकी आहे, त्याने दुसऱ्याची चौकशी लावली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

त्या निकालातली एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते. एका सदस्याचा विरोध असेल तर त्याने कारण लिहावं, आणि उरलेल्यांनी तो विरोध का डावलला, तेही लिहावं. हात वर करणं सोपं असतं हो. कारण लिहायला बसलं की पेन अडतं.

आता आपल्या दाराशी या. बाजार समितीची निवडणूक लांबते आणि एक दिवस प्रशासक मंडळ येऊन बसतं. यादी वाचली तर पुढाऱ्याचे कार्यकर्ते. कापसाच्या काट्याजवळ आपण ज्यांना कधी पाहिलं नाही, ते आता आपला काटा तपासणार! आपण चावडीवर चार शिव्या देतो आणि घरी जातो. या वेळी तसं करू नका. कोणाला, कोणत्या कारणाने नेमलं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. फी १० रुपये. अर्जाचा नमुना मंडपाबाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. आपल्या समितीचं नाव घालून सही करा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.